चौकटीतला पडका मठ

इंग्लंडमधल्या जुन्या वळणाच्या घरांत, जिन्याच्या भिंतीवर किंवा जेवणघरातल्या शेकोटीच्या वर, एक चित्र पुष्कळदा टांगलेले दिसते. काळ्या, बारीक रेघांची छपाई, कडेने तपकिरी पडलेला कागद आणि भोवती अरुंद लाकडी चौकट. चित्रात छप्पर नसलेली एक प्रचंड वास्तू असते. उंच टोकदार कमानी, काच नसलेली भली मोठी खिडकी, तिच्यातून दिसणारे ढग, खांबांवर चढलेला आयव्हीचा वेल. खाली दोन-तीन गाई आणि काठी टेकून उभा असलेला एखादा माणूस. वास्तू किती उंच आहे ते कळावे एवढ्यासाठीच त्याला तिथे उभे केलेले. ख्रिस्ती संन्याशांच्या मध्ययुगीन मठाचे, म्हणजे ‘अ‍ॅबी’चे, हे अवशेष. कधी टिंटर्न, कधी फाउंटन्स, कधी ग्लास्टनबरी. नाव बदलते, चित्राचा भाव तोच राहतो. पाहणाऱ्याने एक सुस्कारा टाकावा, ‘काळाचा महिमा’ म्हणावे आणि चहाच्या कपाकडे वळावे.

असे एक चित्र माझ्याही घरी आहे. ब्रिस्टलला पुतण्याकडे राहायला गेलो होतो, तेव्हा वेल्सच्या सीमेवरच्या चेपस्टो गावात ते घेतले. टिंटर्नचा मठ तिथून पाचेक मैलांवर, वाय नदीच्या काठी आहे. घरी आल्यावर दिवाणखान्यात खिळा ठोकायला घेतला, तर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, भंगलेली मूर्ती आपण घरात ठेवत नाही. आणि हे अख्खं भंगलेलं देऊळ भिंतीवर लावणार?”

प्रश्न साधा होता, पण मला तो वास्तुशास्त्राचा वाटला नाही. मूर्ती भंगली की आपण ती का भंगली हे विचारत नाही, पाण्यात सोडून मोकळे होतो. इंग्रजांनी त्यांची भंगलेली देवळे पाण्यात सोडली नाहीत, चौकटीत बसवली. पण ती भंगली कशी, हे चौकटीत कुठेच दिसत नाही. आणि ज्याने उभी हयात बँकेच्या खतावण्यांत घालवली, त्याला ती हकीकत चित्राहूनही अधिक ओळखीची वाटते. कारण हे मठ काळाने पाडलेले नाहीत. भूकंपाने नाहीत, परचक्राने तर नाहीतच. ते एका हिशेबतपासणीने पाडले.

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने रोमच्या पोपशी संबंध तोडून स्वतःला चर्चचा प्रमुख घोषित केले, ही गोष्ट शाळेत आपण सगळेच शिकलो. पुढची गोष्ट बहुधा शिकवली जात नाही. १५३५ साली त्याचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने देशातल्या सगळ्या धर्मसंस्थांच्या उत्पन्नाची मोजदाद करवून घेतली. तिच्या बाडांना ‘व्हॅलर एक्लिझिअ‍ॅस्टिकस’ असे भारदस्त लॅटिन नाव आहे. आपल्या भाषेत, मालमत्तेचे मूल्यांकन. लगेच १५३६ मध्ये पार्लमेंटने कायदा केला: ज्या मठाचे वार्षिक उत्पन्न दोनशे पौंडांच्या आत असेल, तो बंद करून त्याची मालमत्ता राजाकडे घ्यावी. येणारी मालमत्ता सांभाळायला ‘कोर्ट ऑफ ऑगमेंटेशन्स’ नावाचे स्वतंत्र खातेही निघाले. ऑगमेंटेशन म्हणजे वाढ. राजाच्या तिजोरीतली वाढ!

टिंटर्नचा मठ ११३१ सालचा. सिस्टर्सियन पंथाच्या संन्याशांनी वेल्समध्ये स्थापन केलेला पहिला मठ. चित्रात दिसते ते मोठे चर्च १२६९ साली बांधायला घेतले आणि १३०१ मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. वेल्समधला तो सर्वांत श्रीमंत मठ समजला जाई. मूल्यांकनात त्याचे उत्पन्न भरले १९२ पौंड. मर्यादा दोनशेची. आठ पौंड कमी पडले! ३ सप्टेंबर १५३६ रोजी मठाधिपतींनी मठ राजाच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन केला. चारशे पाच वर्षांची प्रार्थना त्या दिवशी थांबली.

त्या आठ पौंडांपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. मर्यादेची रेघ कागदावर ओढणे किती सोपे असते आणि रेघेच्या अलीकडे-पलीकडे काय काय असते, हे कर्जविभागात बसलेल्या कुणालाही विचारा. अर्थात ते आठ पौंड असते तरी टिंटर्न फार तर तीन-चार वर्षे तगला असता. मोठ्या मठांची पाळी लगेच आलीच. मार्च १५४० मध्ये वॉल्थमचा मठ बंद झाला आणि यादी संपली. चार वर्षांत आठशेच्या वर संस्था!

मठ म्हणजे काही साधुत्वाची आगरे होती असे नाही. ते मोठे जमीनदार होते, खंड वसूल करीत, आणि शेवटच्या काळात पुष्कळ ठिकाणी प्रचंड वास्तूत मूठभर माणसे उरली होती. टिंटर्नमध्ये अखेरीला मठाधिपती धरून तेराच संन्यासी होते. पण त्यांच्या जोडीला पस्तीस नोकरमाणसे होती, दारावर येणारे भिकारी होते, वाटसरू होते. संन्याशांपैकी अनेकांना निवृत्तिवेतन मिळाले. दोन हजार सालच्या सुमारास आमच्या बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली तेव्हा आम्ही तिला हसत-रडत नावे ठेवली होती. हीही तसलीच, फक्त ‘स्वेच्छा’ जरा अधिकच पातळ. ज्यांना ती मानवली नाही त्यांची गत वाईट झाली. ग्लास्टनबरीचे वृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हाइटिंग यांना नोव्हेंबर १५३९ मध्ये गावाजवळच्या टेकडीवर फाशी दिले आणि त्यांचे शिर त्यांच्याच मठाच्या दरवाज्यावर लावले. ग्लास्टनबरीच्या चित्रांत ती टेकडीही कधी कधी दिसते. फार सुरेख दिसते.

आता छपराकडे वळू. या सगळ्या चित्रांत छप्पर का नसते? भिंती, कमानी, खांब शाबूत आणि वरचे छप्पर तेवढे नेमके गायब, हे काळाचे काम कसे असेल? मठांची छपरे शिशाच्या पत्र्यांची होती आणि शिशाला चांगला भाव होता. राजाच्या माणसांनी सर्वांत आधी पत्रे उतरवले. ते वितळवायला सरपण हवे. ते मठातूनच मिळाले. छपराचे वासे, चर्चमधली कोरीव लाकडी आसने यांवर शिसे वितळवून त्याच्या लगडी पाडल्या. घंटाही धातूच्या भावाने गेल्या. मग पाऊस आत आला, आणि उरलेले काम पावसाने व गावकऱ्यांनी केले. तयार घडीव दगड दाराशी पडलेला असताना खाणीत कोण जाईल?

यॉर्कशरमधल्या रिव्हो मठात विसाव्या शतकात उत्खनन चालू असताना पश्चिमेकडची भिंत जिथे कोसळली होती त्या ढिगाऱ्याखाली शिशाच्या चार लगडी सापडल्या. प्रत्येक अर्ध्या टनाची, प्रत्येकीवर राजाच्या मालकीचा शिक्का. नेण्यापूर्वीच भिंत अंगावर कोसळली आणि सरकारी जप्तीतला तेवढा माल चारशे वर्षे हिशेबाबाहेर राहिला. त्यातले काही शिसे पुढे यॉर्कच्या कॅथीड्रलमधल्या जुन्या खिडकीच्या दुरुस्तीला वापरले. मठाच्या छपराचे शिसे निदान काही अंशी पुन्हा देवाच्या घरात पोचले, हे वाचून मला उगीचच बरे वाटले होते.

हा प्रकार मी पाहिलेला आहे. अर्थात मठात नव्हे. नोकरीच्या मधल्या काळात माझ्याकडे बुडीत कर्जांच्या वसुलीचे काम होते. बंद पडलेल्या एका कारखान्याचा पंचनामा करायला आम्ही गेलो होतो. हातात यादी: लेथ यंत्रे तीन, मोटारी अकरा, लोखंडी कपाटे सहा. सहा महिन्यांनी लिलावासाठी पुन्हा गेलो तेव्हा यादीतल्या पुष्कळ वस्तू जागेवर होत्या, छपराचे पत्रे मात्र नव्हते. यंत्रांवर आषाढाचा पाऊस पडत होता. पत्रे आमच्या यादीत नव्हते. कामगारही नव्हते. ते फाटकाबाहेर उभे होते. दुपारी उन्हाची तिरीप आली, ती उघड्या वाशांतून खाली उतरली आणि आमच्यातला एक तरुण अधिकारी म्हणाला, “साहेब, फोटो काय झकास येईल!” त्याचे खोटे नव्हते. फोटो खरोखरच झकास आला असता.

टिंटर्नची मालमत्ता अर्ल ऑफ वुस्टर या सरदाराला मिळाली. उत्तरेतला फाउंटन्स मठ १५४० मध्ये सर रिचर्ड ग्रेशम या लंडनच्या व्यापाऱ्याने विकत घेतला. अर्थशास्त्र शिकलेल्यांना हे आडनाव ठाऊक असेल. ‘खोटे नाणे खऱ्या नाण्याला चलनातून हुसकावते’ हा सिद्धांत ज्याच्या नावावर आहे, त्या थॉमस ग्रेशमचे हे वडील. बँकेच्या खात्यांतर्गत परीक्षेसाठी मी तो सिद्धांत घोकला होता. ग्रेशमांच्या घरात एका मठाची खरेदीही आहे, हे पुस्तकात नव्हते.

मठांतली पुस्तके कुठे गेली? त्या मोडतोडीनंतर दहा वर्षांच्या आत, १५४९ साली, जॉन बेल नावाच्या लेखकाने तक्रार लिहून ठेवली आहे. हा बेल स्वतः मठांचा कट्टर विरोधक. पण त्यालाही पाहवले नाही. हस्तलिखितांची पाने कुणी मेणबत्तीची घरे घासायला, कुणी बूट पुसायला वापरली, काही वाण्यांना आणि साबणवाल्यांना विकली, असे तो सांगतो. पुस्तकाची पाने सुटी करून विकण्याचा हा धागा लक्षात ठेवा. तो पुढे आपल्या भिंतीपर्यंत येतो.

यानंतर पावणेदोनशे-दोनशे वर्षे या पडक्या वास्तूंकडे सौंदर्य म्हणून फारसे कुणी पाहिले नाही. सॅम्युअल आणि नॅथॅनिएल बक या भावांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गावोगाव हिंडून किल्ल्यांची व मठांची चारशेहून अधिक चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापली. ती काहीशी रुक्ष आहेत. वकिलाच्या दप्तरातल्या नकाशासारखी. पण त्यांतल्या पुष्कळ चित्रांखाली बारीक अक्षरांत मजकूर असतो: मठ कुणी स्थापला, मोडला तेव्हा उत्पन्न किती होते, आजचा मालक कोण. वर चित्र, खाली खतावणी. मला ही बकबंधूंची चित्रे फार आवडतात, कारण त्यांनी हिशेब खोडलेला नाही.

तो खोडला गेला नंतर, आणि खोडणारी माणसे रसिक होती. विल्यम गिल्पिन या धर्मोपदेशकाने १७७० मध्ये वाय नदीतून होडीने प्रवास केला आणि १७८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. निसर्ग चित्रासारखा कसा पाहावा, याचे ते पाठ्यपुस्तकच ठरले. टिंटर्नच्या भिंतींची त्रिकोणी टोके त्याला फार रेखीव वाटली. कुणी तारतम्याने हातोडा चालवून ती जरा फोडली तर बरे, असे त्याने गंभीरपणे सुचवले आहे. मोडले ते पुरेसे नव्हते. अजून थोडे सुबकपणे मोडायला हवे होते!

पण याच गिल्पिनने आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे आणि तेवढ्यासाठी मी त्याला शंभर अपराध माफ करायला तयार आहे. त्या अवशेषांच्या आडोशाने खोपटी बांधून भिकारी राहत होते. एका म्हातारीने, ‘चला, संन्याशांचे ग्रंथालय दाखवते’ म्हणून त्यांना आत नेले. दोन काठ्यांच्या आधाराने, अंग ओढीत ती कशीबशी चालत होती. चिडव्या काटेरी झाडीतून तिने ज्या जागी आणून उभे केले, ती दोन पडक्या भिंतींमधली ओल झिरपणारी पोकळी होती. आत एक मोडकी खाट. ग्रंथालय वगैरे काही नव्हते, ते तिचे घर होते. तिला मठाची गोष्ट सांगायचीच नव्हती. स्वतःची सांगायची होती. शिवाय मठापासून अर्ध्या मैलावर लोखंडाच्या भट्ट्या धडधडत होत्या, हेही गिल्पिनच सांगतो.

त्याच्या पुस्तकातल्या चित्रांत म्हातारी नाही. भट्ट्या नाहीत. पुढच्या शंभर वर्षांत निघालेल्या टिंटर्नच्या छापचित्रांतही ती मला कुठे दिसलेली नाही. गाई मात्र आहेत.

एकदा ही दृष्टी आली म्हणताच पडके मठ घराच्या सजावटीत शिरले. फाउंटन्सचे अवशेष १७६७ मध्ये विल्यम आयस्लबी या धनिकाने अठरा हजार पौंडांना विकत घेतले. कशासाठी, तर शेजारच्या आपल्या बागेतून फिरता फिरता शेवटच्या वळणावर ते पाहुण्यांना अचानक दिसावेत. ज्यांच्या आवारात पडका मठ नव्हता त्यांनी मुद्दाम पडकी वास्तू बांधून घेतल्या; हॅग्ली येथे १७४० च्या दशकात नवा कोरा ‘पडका’ किल्ला उभारला तो अजून आहे. रशियाच्या कॅथरीन राणीसाठी वेजवुडने १७७४ मध्ये ९५२ नगांचा जेवणाचा संच पुरवला. त्यावर ब्रिटनची १,२२२ दृश्ये रंगवलेली आहेत, त्यांत पडके मठही आहेत. राणीसरकारांनी सूप संपवावे आणि तळाशी दिसावा कुणाचा तरी उद्ध्वस्त देव्हारा! ज्यांना बागही परवडत नव्हती आणि वेजवुडही, त्यांच्यासाठी छापचित्र होते.

टिंटर्नचे नाव आपल्याकडे पोचले ते वर्ड्सवर्थच्या १७९८ सालच्या कवितेमुळे. बी. ए.ला इंग्रजी घेतलेल्या पिढ्यान् पिढ्यांनी ती अभ्यासली. मथळ्यात मठाचे नाव आहे आणि कवितेत मठ कुठेच नाही. एवढे मोठे चर्च, पण कवीलाही त्याला वळसा घालून पुढे जावेसे वाटले.

आता थोडे या चित्रांच्या धंद्याबद्दल. तांब्याचा पत्रा मऊ. छापता छापता रेघा झिजतात, म्हणून प्रती मोजक्या निघत. १८२० च्या दशकात पोलादी पत्र्यावर कोरणे सुरू झाले. पोलाद झिजत नाही. एकाच पत्र्यावरून हजारो प्रती निघू लागल्या आणि टिंटर्न दुकानदाराच्याही भिंतीवर पोचले. प्रवासवर्णने, भूवर्णने यांतून अशी चित्रे पानोपानी असत. आज ‘अ‍ॅन्टिक प्रिंट’ म्हणून जे चौकटीत मिळते, ते पुष्कळदा अशा एखाद्या पुस्तकातून कापलेले पान असते. कारण अख्ख्या पुस्तकापेक्षा सुट्या पानांचे पैसे जास्त येतात! म्हणजे मोडलेल्या मठाचे चित्र, मोडलेल्या पुस्तकातून. छपराचे शिसे किलोवर आणि ग्रंथाची पाने नगावर. जॉन बेलचे साबणवाले अजून दुकान मांडून आहेत.

ही नजर घेऊनच इंग्रज आपल्याकडे आले. पुण्यात सवाई माधवरावांचे आणि नाना फडणविसांचे चित्र काढणारा जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला. त्याने वेरूळची लेणी रेखाटली. १७९५ मध्ये तो वारला, आणि थॉमस डॅनियलने १८०३ मध्ये त्या रेखाटनांची छापचित्रे लंडनला प्रसिद्ध केली. वेरूळला पुण्याच्या गंगाराम तांबट यांनीही चित्रे काढली होती; त्या छापील संचावर नावे मात्र वेल्स आणि डॅनियल यांची. पुढे कॅप्टन रॉबर्ट मेलव्हिल ग्रिंडले याने १८२६ ते १८३० या काळात पश्चिम भारतातल्या दृश्यांची ३६ रंगीत चित्रे काढली. त्यांत दौलताबाद आहे, वेरूळ आहे. हाच ग्रिंडले १८२८ मध्ये हिंदुस्थानात जाणाऱ्या-येणाऱ्या साहेबांच्या पैशाची व्यवस्था पाहणारी पेढी लंडनमध्ये काढतो, आणि तिचीच पुढे ग्रिंडलेज बँक होते. २००० साली ती स्टँडर्ड चार्टर्डने घेतली. आमच्या पिढीच्या बँकवाल्यांना ते नाव चांगलेच परिचित. भग्नावशेषांची चित्रे आणि पैशाचा हिशेब एकाच टेबलावर बसून केलेला हा गृहस्थ मला परका वाटत नाही. वेरूळचे विहार म्हणजेही एका काळचे संन्याशांचे मठच. त्यांची चित्रे आज आपण मोठ्या हौसेने दिवाणखान्यात लावतो, आणि ‘इंग्रजांनी काय सुरेख काढलंय!’ म्हणतो. तिथे राहणारे कोण होते, ते केव्हा आणि का गेले, हे आपणही फारसे विचारत नाही.

मग लावावे की लावू नये? मी लावले आहे. टिंटर्न १९०१ मध्ये सरकारने विकत घेतले, पुढे दुरुस्तीत आयव्हीचे वेल उतरवले गेले. चित्रातला तो गच्च वेल आता फक्त चित्रातच आहे. म्हणजे तेही एक दस्तऐवज झाले. ज्यांना असे चित्र घ्यायचे आहे त्यांच्यासाठी सांगतो. भिंग लावून पाहा: रेघांऐवजी ठिपके दिसले तर ती अलीकडची नक्कल. चित्राभोवती कागदावर पत्र्याची दाबलेली चौकोनी खूण उरली असेल तर उत्तम. खाली डावीकडे चित्रकाराचे नाव, उजवीकडे कोरणाऱ्याचे. म्हणून फ्रेमवाल्याला समास कापू देऊ नका, तो विचारणारच नाही. काच कागदाला टेकू नये, मधला पुठ्ठा आम्लरहित असावा, आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळावी.

आणि आणखी एक करा. चौकटीच्या मागच्या पाठीवर एक चिठ्ठी डकवा. चित्राला नव्हे, पाठीला. माझ्या चिठ्ठीवर असे आहे: ‘टिंटर्न. स्थापना ११३१. बंद ३ सप्टेंबर १५३६. उत्पन्न १९२ पौंड, कमी पडले ८. संन्यासी १३, नोकर ३५. छप्पर शिशाचे, उतरवले. १७७० मध्ये इथे एक म्हातारी राहत होती, दोन काठ्यांवर चालत असे. नाव नोंदलेले नाही.’ सौभाग्यवतींनी ती वाचली, आणि चित्राखालची समई थोडी बाजूला सरकवली. काजळी धरेल म्हणून.